विरजण रुसतं म्हणजे नक्की काय होतं?

सायसाखर
मंडळी, प्रश्न साधा आहे, हसू नका.

गणपतीला गावी गेलो होतो, बारा दिवस घर बंद. विरजणाची वाटी फ्रिजमध्ये पार मागे, जिथे कोथिंबीर गोठते तिथे राहिली. परत आल्यावर रात्री नेहमीसारखं लिटरभर दूध तापवलं, कोमट केलं, चमचाभर विरजण फेटून लावलं. एरवी सहा-साडेसहा तासांत सुरीने वड्या पाडाव्यात असं दही लागतं. या वेळी सकाळी झाकण काढलं तर दूधच! अकरा तासांनी कसंबसं लागलं, पण चमचा घातला की पाणी सुटत होतं, आणि चव आंबटढाण.

गंमत पुढेच आहे. त्याच नाठाळ दह्यातलं चमचाभर दुसऱ्या रात्री लावलं, ते सात तासांत लागलं. तिसऱ्या रात्री तर पहिल्यासारखं. दूध तेच, पातेलं तेच, हात तोच. सासूबाई म्हणाल्या, "विरजण रुसलं होतं, आता निवळलं." लेक अकरावी सायन्सला. ती म्हणाली, "आजी, जिवाणू एकमेकांशी केमिकलने बोलतात, त्यांचं काहीतरी बिनसलं असेल."

तर प्रश्न दोन. जिवाणू रुसतात का? आणि बोलतात का?

उगाच_एक
बारा दिवस फ्रिजच्या मागच्या कप्प्यात टाकून गेलात तर मीसुद्धा रुसेन.

माई_६२
आमच्याकडे विरजण लावलेलं भांडं हलवायचं नाही असा दंडक होता. कणकेच्या डब्यात ठेवायचं, वरून टॉवेल. कुणी डबा उघडला की सासूबाई ओरडायच्या, "झोपमोड करू नका त्याची!"

डेअरीवाला_भाऊ
आमच्या भाषेत याला 'कल्चर सुस्त आहे' म्हणतात. एकवीस वर्षं दुधाच्या धंद्यात काढली, त्यातली सोळा दही-ताकाच्या विभागात. बारा दिवसांच्या विरजणाने पहिल्या खेपेला दगा देणं नेहमीचंच. म्हणून प्लँटमध्ये जुनं कल्चर सरळ व्हॅटमध्ये, म्हणजे दह्याच्या मोठ्या टाकीत, टाकत नसत. आधी थोड्या दुधात एक-दोन वेळा फिरवून जागं करायचं, मग कामाला लावायचं. तुम्ही नकळत तेच केलंत. पहिलं अकरा तासांचं दही ही तुमची 'जागं करायची' खेप होती.

सायसाखर
@भाऊ, पण झोपलं होतं की मेलं होतं? सगळे मेले असते तर अकरा तासांनी तरी कसं लागलं?

पेट्रीडिश
चांगला प्रश्न. काही मेले, काही जायबंदी झाले, थोडे धडधाकट राहिले. माझं पोट याच जिवाणूंवर चालतं, त्यामुळे जरा लांब लिहिते, सहन करा.

दह्यातले जिवाणू दुधातली साखर खातात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. दुधाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं आंबट), साधारण ६.६ असतो. तो ४.६ च्या आसपास आला की केसीन हे प्रथिन एकमेकांना धरून बसतं, आपण म्हणतो दही लागलं. आपलं काम तिथे संपतं, त्यांचं संपत नाही. दुधातली बरीचशी साखर अजून शिल्लक असते. ते आम्ल करत राहतात आणि स्वतःच केलेल्या आम्लात बुडत जातात.

आता आम्ल नक्की त्रास कसा देतं ते बघा. बाहेर पीएच ४ च्या जवळ गेला की लॅक्टिक आम्लाचे बरेच रेणू न फुटलेल्या अवस्थेत राहतात. असा रेणू पेशीच्या पातळ आवरणातून सहज आत घुसतो. आतला पीएच जास्त, त्यामुळे आत गेल्यावर तो फुटतो आणि हायड्रोजनचा आयन आत सोडतो. बाहेर चपला काढून साळसूदपणे घरात शिरायचं आणि आत गेल्यावर राडा घालायचा, तशातला प्रकार. हे आयन परत बाहेर ढकलायला पेशीच्या आवरणात पंप असतात. पंप चालवायला एटीपी लागतं, म्हणजे जिवाणूची रोकड. एका ग्लुकोजमागे या जिवाणूंना मिळतात निव्वळ दोन एटीपी. सगळी मिळकत पंपाच्या वीजबिलात जाते, वाढायला उरत नाही काही.

त्यात फ्रिजची थंडी. थंडीत आवरण तुपासारखं थिजतं. जिवाणू त्यातली मेदाम्लं बदलून ते मऊ ठेवायला बघतात, थंडीत कामाला येणारी खास प्रथिनं बनवतात. पण ४ अंशाला हे सगळं कासवाच्या गतीने होतं.

बारा दिवसांनी तुम्ही त्यांना कोमट दुधात सोडलंत. ते लगेच जेवायला बसत नाहीत. आधी आवरणाची डागडुजी, आयन बाहेर काढणं, बिघडलेली प्रथिनं निस्तरणं. हा वेळ म्हणजे तुमच्या सासूबाईंचा रुसवा.

खमंग_काकडी
पेट्रीडिश, चपलांच्या उपमेला सलाम. एक शंका. मग पहिलं दही उशिरा लागलं तरी इतकं आंबट का? उशिरा लागलं म्हणजे कमी आंबट हवं ना?

पेट्रीडिश
@खमंग_काकडी, ४० अंशांच्या वर लावलेल्या दह्यात बहुतेकदा दोन भिडू असतात. गोल मण्यांच्या माळेसारखा स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि काडीसारखा लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस. घरच्या विरजणात आणखीही बरेच असतात, पण या दोघांची जोडी सगळ्यात अभ्यासलेली. मणी आधी धावतो, पीएच खाली आणतो. काडी सावकाश येते, पण आम्ल जास्त सोसते आणि दही लागल्यावरही थांबत नाही. भांडं जितके तास उबेत, तितकी काडीची चंगळ. सायसाखर यांनी अकरा तास वाट पाहिली, म्हणजे काडीला रान मोकळं. एरवी त्या सहा तासांतच भांडं फ्रिजमध्ये ठेवतात.

आणि ही जोडी एकमेकांना पोसते. काडीकडे दुधातलं प्रथिन चिरणारं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, त्या तुकड्यांवर मणी वाढतो. मणी बदल्यात फॉर्मिक आम्ल, फोलेट आणि कार्बन डायऑक्साइड देतो, त्यावर काडी जोर धरते. दोघांना वेगवेगळं लावलं तर दोघंही रडतखडत.

उगाच_एक
थोडक्यात, स्वयंपाक एकीचा आणि भाजी आणणं दुसऱ्याचं. आमच्याकडे दोन्ही माझंच.

तर्कटराव
माहिती उत्तम. पण मूळ प्रश्नातल्या 'बोलतात का' वर मला थोडा खडा टाकायचाय. हल्ली जिवाणू बोलतात, झाडं बोलतात, बुरशी बोलते. उद्या म्हणाल लोणचं ओव्या म्हणतं.

शेजारच्या घरात लसणीची फोडणी बसली आणि मला वास आला. मला भूक लागली, मीही कुकर लावला. याला शेजारणीने मला निरोप पाठवला म्हणायचं का? तिने फोडणी माझ्यासाठी घातली नव्हती. मण्याने टाकलेलं फॉर्मिक आम्ल काडीला उपयोगी पडतं हे मान्य. पण ती फोडणी झाली, निरोप नाही.

आंबोळी
तर्कटराव, लसणीची फोडणी आणि निरोप यात आमच्या मालवणात फारसा फरक नसतो. वास आला की ताट घेऊन जायचं.

पेट्रीडिश
तर्कटरावांचा मुद्दा पक्का आहे, आमच्या क्षेत्रातही यावरून वाद होतात. ऑटोइंड्यूसर-२ नावाचा एक रेणू आहे. पुष्कळ जातींचे जिवाणू तो सोडतात, म्हणून त्याला जिवाणूंची सामायिक बोली म्हणायची टूम आली. पण तो बनवणारं 'लक्स-एस' हे विकर पेशीतला टाकाऊ माल परत वापरात आणायच्या साखळीतही काम करतं. ते बंद पाडल्यावर जिवाणू आम्लात कमी टिकला, तर निरोप बंद झाल्याने की कचरागाडी बंद पडल्याने, हे सांगणं अवघड. तिथे मी तर्कटरावांच्या बाजूने.

पण काही ठिकाणी खरोखर निरोप असतो. सगळ्यात स्वच्छ उदाहरण निसिन. लॅक्टोकॉकस लॅक्टिसच्या काही वाणांत ते बनतं. हा जिवाणू आपल्या साध्या, खोलीच्या उबेवर लागणाऱ्या दह्यात हमखास सापडतो. १९२८ साली लक्षात आलं की काही लॅक्टोकॉकस दुसऱ्या जिवाणूंना वाढू देत नाहीत. १९४७ मध्ये त्या पदार्थाला निसिन नाव मिळालं. ३४ अमिनो आम्लांची छोटी माळ आहे ती. शत्रू जिवाणू भिंत बांधायला ज्या विटा वापरतो, त्यातली वीटच निसिन पकडतं आणि वर आवरणाला भोकं पाडतं. चीजच्या पाकिटावर ई २३४ लिहिलेलं असेल, तर ते हेच.

आता निरोपाचा भाग. निसिन बनवणाऱ्या पेशीच्या आवरणावर एक प्रथिन पहारेकऱ्यासारखं बसलेलं असतं. बाहेर किती निसिन तरंगतंय हे ते ओळखतं आणि आतल्या दुसऱ्या प्रथिनाला खूण करतं. ते निसिनचे जनुक चालू करतं. आजूबाजूला आपल्या जातीचे थोडेच असतील तर निसिन विरळ, कारखाना मंद. गर्दी वाढली की निसिन दाट, मग सगळे मिळून धडाक्यात बनवतात. इथे तोच रेणू हत्यार आणि तोच निरोप. त्याला ओळखायला खास पहारेकरी नेमलेला आहे, म्हणून ही नुसती फोडणी नाही.

तर्कटराव
पहारेकरी असेल तर मान्य. कान असेल तिथे बोलणं मानायला माझी हरकत नाही.

खमंग_काकडी
याला क्वोरम सेन्सिंग म्हणतात ना? मराठीत काय म्हणायचं? 'गणपूर्तीची जाणीव'?

उगाच_एक
गणपूर्ती! म्हणजे आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा. 'गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब करण्यात येत आहे. त्यानंतर त्याच ठिकाणी होणाऱ्या सभेस गणसंख्येची आवश्यकता राहणार नाही.' सायसाखर यांचं दही तहकूब झालं होतं. सेक्रेटरी एकटाच चहा पीत बसला होता पातेल्यात.

डेअरीवाला_भाऊ
हसून पुरेवाट. पण भाऊ, अर्ध्या तासाने गणसंख्या लागत नाही हे जिवाणूंना चालत नाही. चमचाभराऐवजी पाव चमचा विरजण घाला, बघा कसे तासन् तास तहकूब राहतात.

बरं, 'रुसण्या'चं आणखी एक कारण सांगतो, ज्याचा जिवाणूंच्या मूडशी काही संबंध नसतो. एकदा आमच्या एका व्हॅटमध्ये दोन तास सगळं ठीक चाललं होतं. आम्लता चढत होती. मग एकदम ठप्प. आधी संशय औषधावर. गाईला दगडी झाली, म्हणजे कास सुजली, की सडात पेनिसिलिन भरतात. ते दुधात उतरलं की थर्मोफिलस सगळ्यात आधी आडवा होतो. तपासलं, दूध स्वच्छ. मग कळलं, फाज. जिवाणूंचा विषाणू. तो वाफेच्या ओलीतून, सांडलेल्या निवळीतून फिरतो. सगळ्या पाइपलाइनी धुतल्या आणि कल्चर बदललं. पाच हजार लिटर गेलं त्या दिवशी. साहेबांचं तोंड बघवत नव्हतं.

पेट्रीडिश
भाऊ, फाजची ही कटकट जुनी आहे. १९३५ मध्ये न्यूझीलंडच्या चीज कारखान्यात ती पकडली गेली. आणि त्याच कटकटीतून केवढं मोठं काम निघालं! दह्याच्या थर्मोफिलसमध्येच २००७ मध्ये दाखवून दिलं गेलं की फाजच्या हल्ल्यातून वाचलेला जिवाणू फाजच्या डीएनएचा तुकडा आपल्या जनुकांत जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी त्यावरून शत्रूला ओळखून कापतो. हीच क्रिस्पर प्रतिकारशक्ती. तो शोध बारांगू, होर्वाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, एका कल्चर बनवणाऱ्या कंपनीत लागलेला. पुढे क्रिस्परच्या, हवा तिथे डीएनए कापणाऱ्या, कात्रीला २०२० चं नोबेल मिळालं, ते शार्पांतिए आणि डाउडना यांना.

माई_६२
अगं बाई. आणि आम्ही वाटी धुवायला टाकतो.

एडिनबर्गकर
माझा अनुभव. पंधरा वर्षांपूर्वी निघताना आईने सुती रुमाल दह्यात बुडवून सावलीत खडखडीत वाळवला आणि बॅगेत घातला. इथे आल्यावर त्याचा एक तुकडा कोमट दुधात टाकला. पहिलं भांडं वाया. दुसऱ्यातही नुसता आंबूस वास. तिसऱ्यात लागलं! पण तार सुटत होती. चमचा वर उचलला की वीतभर दोरी. बायको म्हणाली टाकून दे. तेव्हापासून दुकानातलं योगर्टच विरजण म्हणून वापरतो. हा रुसवा की बिघाड?

आंबोळी
तार आलेलं दही आमच्याकडे गुरांच्या पेंडीत जातं.

पेट्रीडिश
@एडिनबर्गकर, वाळवणं हा जिवाणूंवरचा सगळ्यात वाईट ताण. पाणी गेलं की आवरण चुरगळतं. कंपन्या कल्चर सुकवताना म्हणूनच दुधाची पावडर किंवा साखर सोबत घालतात. आईने दह्यात रुमाल बुडवला, त्या दुधातल्या प्रथिन-साखरेने तेच काम केलं. त्यामुळे थोडे का होईना, वाचले.

तार म्हणजे जिवाणूंनी पेशीबाहेर सोडलेल्या लांबलचक शर्करासाखळ्या. त्या बनवणारे वाण वेगळे असतात. तुमच्या रुमालावर तेच जास्त वाचले असतील. बिघाड म्हणायची गरज नाही. फिनलंडमध्ये 'विली' नावाचं दही मिळतं, त्याला मुद्दाम अशी तार असते आणि लोक आवडीने खातात. तुम्ही स्कॉटलंडऐवजी हेलसिंकीला गेला असतात तर बायको खूश असती.

एडिनबर्गकर
बायकोला वाचून दाखवलं. म्हणाली, "जा मग."

तर्कटराव
पेट्रीडिश, एक खोचक प्रश्न. तुम्ही म्हणता मणी आणि काडी ताणाशी झुंजतात. मग ताण आला की बोलणं वाढतं की कमी होतं? घरात पैशाची चणचण असली की बोलाचाली वाढतात, असा माझा अनुभव.

पेट्रीडिश
नेमकी जागा पकडलीत. थर्मोफिलसची एक पद्धत सांगते, मला ती फार आवडते. तो एक छोटासा पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची आखूड माळ, बनवतो, बाहेर सोडतो. बाहेर त्याची काटछाट होते आणि तोच तुकडा आवरणातल्या एका दारातून परत आत येतो. आत आला की एका नियामक प्रथिनाला चिकटतो, आणि पेशी बाहेर पडलेला डीएनए उचलून आपल्यात जोडून घ्यायला तयार होते. आता गंमत अशी की ते दार मुळात जेवणाचं आहे. दुधातल्या प्रथिनांचे तुकडे याच दारातून आत येतात. म्हणजे टपाल आणि डबा एकाच खिडकीतून.

त्यामुळे बोलणं आणि पोट वेगळं काढता येत नाही. प्रयोगशाळेत मोजून-मापून केलेल्या, प्रथिनांचे तुकडे नसलेल्या द्रावणात ही तयारी जोरात दिसते. याचा अर्थ 'भूक लागली की बोलतात' असा सरसकट काढू नका, वेगवेगळ्या वाणांचं वेगवेगळं असतं.

ताणाचा दुसरा भाग म्हणजे पूर्वतयारी. लॅक्टोकॉकसला आधी मध्यम आंबटात काही वेळ ठेवलं आणि मग कडक आंबटात टाकलं, तर तो थेट कडक आंबटात टाकलेल्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतो. मधल्या वेळात तो आयन-पंप वाढवतो, आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल फोडून अमोनिया करतो, म्हणजे घरातच थोडा खार तयार करतो. थर्मोफिलस तेच दुधातल्या युरियापासून करतो. शिवाय प्रथिनांची विस्कटलेली घडी परत बसवणारी मदतनीस प्रथिनं भराभर बनतात. ती उष्णतेतही लागतात, आम्लातही. म्हणून एका तापात तावून निघालेला जिवाणू कधीकधी दुसऱ्या संकटातही तगतो.

खमंग_काकडी
म्हणजे चमच्यावर चमचा ताजं विरजण फिरवत राहणाऱ्या घरांत जिवाणू लाडावलेले?

डेअरीवाला_भाऊ
लाडावलेले नाहीत हो, तरुण. आंबट होण्याआधी काढून ठेवलेलं विरजण सगळ्यात चपळ. आंबून गेलेल्या दह्यातलं घेऊ नका, एवढं एक पाळलं तरी पुष्कळ.

आंबोळी
माझा फाटा. आंबोळीचं पीठ मी हाताने फेटलं की फुगतं, जाऊबाईंनी फेटलं की नाही. हे पण जिवाणूंचं बोलणं का?

उगाच_एक
हे जाऊबाईंचं बोलणं.

पेट्रीडिश
हाताचे जिवाणू थोडेफार मिसळतात हे खरं, पण पीठ फुगवणारं ल्युकोनॉस्टॉक मुख्यतः उडदाच्या डाळीवरूनच येतं. जाऊबाईंना पाणी कमी, फेटणं जास्त असं सांगून बघा. हवा किती कोंडली यावर खूप असतं.

माई_६२
आणि भांडं हलवू नये ते? त्याचं काय?

पेट्रीडिश
माई, त्याचा जिवाणूंशी संबंध नाही. पीएच खाली येताना केसीनची नाजूक जाळी विणली जात असते. त्या वेळी धक्का लागला की जाळी फाटते, पाणी सुटतं. तुमच्या सासूबाई बरोबर होत्या, झोप फक्त दुसऱ्याची होती.

सायसाखर
परत आले. शनिवार-रविवार घरात प्रयोगशाळा मांडली. बारा दिवसांचं जुनं दही फ्रिजमध्ये थोडं उरलं होतं, तेच घेतलं. तीन सारख्या स्टीलच्या वाट्या, प्रत्येकीत पाव लिटर एकाच पिशवीतलं दूध, करंगळी बुडवून दहा मोजेपर्यंत टिकेल इतकं कोमट. पहिलीत ताजं विरजण. दुसरीत ते जुनं, तसंच. तिसरीत जुनंच, पण आधी चार तास दोन चमचे कोमट दुधात ठेवून जागं केलेलं. तिन्ही वाट्या कुकरमध्ये, शिट्टी काढून, टॉवेल गुंडाळून.

पहिली सव्वासहा तास. तिसरी सात तास दहा मिनिटं. दुसरी साडेनऊपर्यंत वाट पाहिली, कडेला लागलं होतं, मध्ये डळमळत होतं. चवीला पहिली गोड, तिसरी ठीक. दुसरी अर्धी ओतली, अर्ध्याची कढी केली. कढी छान झाली हे सांगायलाच हवं.

लेकीने वहीत तक्ता काढला. सासूबाई बाजूला बसून सगळं ऐकत होत्या. पंप, चपला, टपालाची खिडकी, सगळं सांगून झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे रुसलंच होतं की."

तर्कटराव
वहीत तापमानाचा रकाना आहे का? करंगळीवर भरवसा ठेवून मी पीएचडी देत नाही.

सायसाखर
@तर्कटराव, थर्मामीटर मागवलाय. तोवर विरजण बर्फाच्या ट्रेमध्ये, थोडी दूध पावडर घालून गोठवलंय. आठ खडे झाले. दिवाळीला परत गावी जायचंय, तेव्हा कळेल.

माई_६२
दोन खडे मला ठेव गं. मी ठाण्यालाच असते.